नानकटाई आणि रविवारची सुट्टी

दिवाळी अंकात फराळाबद्दल वाकडे लिहिणे म्हणजे लग्नाच्या मांडवात उभे राहून हुंड्याविरुद्ध भाषण करण्यासारखे आहे. ऐकणारे मान डोलावतात आणि डोळ्यांनी पंगत शोधतात. म्हणून आधीच सांगून टाकते की, माझे भांडण फराळाशी नाही. चकली मला आवडते, अनरसा जमला तर आवडतो, आणि नानकटाईचे तर मी लहानपणापासून कौतुकच करीत आले आहे. माझे भांडण आहे ते एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे 'घरचे'.

दसऱ्याचे सोने वाटून झाले रे झाले की, आपल्याकडे एक विलाप सुरू होतो. 'आता कुठलं हो घरचं! सगळं विकतचं. आजकालच्या बायकांना करायला नको.' ओट्यावर बसलेले निवृत्त गृहस्थ हे म्हणतात, लग्नकार्यात भेटलेले मामा म्हणतात, आणि सांगायला वाईट वाटते, पण ज्यांची कंबर याच फराळापायी वाकली त्या बायकाही म्हणतात. विलाप करणाऱ्याच्या हातात बहुधा चकलीचा तुकडा असतो. ती विकतची आहे हे तो ओळखतो, घरची असती तर ती कोणी, कधी आणि कशाच्या बदल्यात केली असती हे मात्र त्याला ओळखता येत नाही. त्याच्या लेखी 'घर' नावाचे कोणीतरी आहे आणि ते 'घर' फराळ करते. कर्त्याचे नाव नसलेले असे वाक्य माझ्या वर्गातल्या मुलाने लिहिले तर मी त्याखाली लाल रेघ ओढते.

आणि गंमत अशी की, ज्याला आपण घरचे म्हणतो ते तरी सारे घरी कधी होत होते? नानकटाईच घ्या.

आमच्या साताऱ्यात, आणि पुण्या-सांगलीकडेही, नानकटाई भट्टीवरून भाजून आणायची रीत आहे. ज्यांनी हे कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते, कारण हा प्रकार खरोखर रम्य आहे. पाव भाजून झाले की बेकरीच्या भट्टीचा कडाका उतरतो. उतरत्या आचेवर नानकटाई छान होते. कडक आचेवर ती वरून करपते आणि पोटात कच्ची राहते. म्हणून पावाचे काम आटोपले की बायकांची पाळी. मैदा, तूप, साखर, वेलची, रिकामे डबे असा सारा संसार पिशव्यांत घालून घरोघरच्या बायका तिथे जमतात. किलोभर मैद्याला अर्धा ते पाऊण किलो तूप आणि तेवढीच पिठीसाखर. तूप-साखर परातीत तळहाताने फेटायची. पिवळट तूप पांढरे पडेपर्यंत, हाताला हलके लागेपर्यंत फेटायची. त्यात जी हवा धरली जाते तीच पुढे खुसखुशीतपणा देते. मग मैदा, थोडा रवा किंवा बेसन, चिमूटभर सोडा, वेलची-जायफळाची पूड. मैदा पडल्यावर मात्र हात आवरायचा. पोळीच्या कणकेसारखे तिंबले की मैद्याचा चिवटपणा जागा होतो आणि नानकटाई दाताशी भांडते. गोळे करायचे, अंगठ्याने चेपायचे, वर चारोळी दाबायची आणि काळ्या पत्र्यावर अंतर राखून मांडायचे, कारण भट्टीत ते पसरतात. वर भेगा पडल्या की समजायचे, जमले.

भट्टीवाला लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आत सारतो आणि कोणाचा पत्रा कोणता हे चिठ्ठी न पाहता सांगतो. बायका तोवर एकमेकींच्या सुनांची आणि सासवांची चौकशी करतात. भाजणावळ किलोवर. या साऱ्यात घर आहे कोठे? आच भट्टीवाल्याची, पत्रा भट्टीवाल्याचा, फावडे त्याचे. पण डबा घरी आला की नानकटाई 'घरची'. माझी आजी भट्टी दूर म्हणून शेगडीवर वाळूचे पातेले ठेवी, झाकणावर निखारे घाली, आणि खालून-वरून अशी दुहेरी आच देत एका वेळी आठ-दहा नानकटाया भाजी. ती खरी घरची. तिच्या डोळ्यांत गेलेला धूरही घरचाच. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाने बेकऱ्यांनी लाकूड-कोळसा सोडून दुसरे इंधन वापरावे असा आदेश दिला तेव्हा 'आता ती चव गेली' म्हणून कित्येकांनी सुस्कारे टाकले. शहराच्या फुप्फुसांचा विचार कोर्टाने केला, हे मला तर चांगलेच वाटले. चव परत आणता येते.

तर भट्टीवरचे ते दोन-तीन तास मला कोणी माफ करू नयेत. ते सुखाचे असतात. तिथे काम दिसते, कामाला वास असतो, चार जणी बरोबर असतात आणि शेवटी डबा भरतो. वादाचा विषय आहे तो भट्टीपर्यंत पोहोचण्याचा.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शनिवारी आमची सकाळची शाळा असते. आमचे हे सरकारी कचेरीत आहेत. राज्यातल्या सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, तेव्हापासून त्यांना शनिवार-रविवार सलग सुट्टी. दिवाळीपूर्वीच्या शनिवारी शाळा सुटली की, माझ्या चपला घराकडे न वळता चक्कीकडे वळतात. चकलीची भाजणी दळायची, तीही तांदळावर, गव्हावर नको, हे चक्कीवाल्याला समोर उभे राहून सांगायचे, नाहीतर चकली मऊ. तिथून वाण्याकडे. मैदा ताजा आहे ना, चिमटीत धरून पाहायचा. टेलरने आज देतो म्हटलेली ब्लाउजे आज नाहीत, सोमवारी. मुलाच्या चपलेचा अंगठा तुटला आहे, ती चांभाराकडे. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी संपत आली आहे, ती औषधवाल्याकडे. आकाशकंदिलाची वायर गेल्या वर्षी उंदराने खाल्ली हे कोणाच्याही लक्षात नाही, माझ्या आहे. घरी यावे तर गॅसवाला दारात. फोनवर आलेला आकडा सांगितल्याशिवाय तो सिलिंडर उतरवीत नाही, आणि फोन माझ्या पिशवीत. मग माळ्यावरचे डबे काढायचे, घासायचे, उन्हात पालथे घालायचे. डब्यात ओल राहिली तर भट्टीवरून आणलेली कुरकुरीत नानकटाई दोन दिवसांत मान टाकते.

यातले एकही काम अवघड नाही. अवघड असते तर बरे झाले असते! अवघड कामाला नाव मिळते. मोदकाच्या कळ्या पाडणारीचे नाव होते, पुरण न फुटता पोळी लाटणारीचे होते. जायफळ संपले आहे हे वेळेवर आठवणारीचे नाव कोणी घेतल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? जायफळ आठवले नाही तर मात्र नाव निघते.

आता कोणी म्हणेल, बाई, कोणत्या जमान्यात आहात? आता वाणसामान फोनवर सांगितले की घरपोच येते, मोठ्या शहरांत तर दहा मिनिटांत येते. येते, कबूल. आणणाऱ्या पोराचा रविवार कोणता, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पण फोनला सांगायचे काय, हे कोणाच्या डोक्यात असते? पिशवी गेली, यादी राहिली. पाय वाचले ही गोष्ट लहान नाही. पण जे पाय कधी वाण्याच्या दारात गेले नव्हते त्यांनीच ही सोय मोठ्या तोंडाने सांगावी याचे मला हसू येते.

अशाच तोंडांनी जात्याचा शोक केलेला मी ऐकला आहे. 'जाते गेले आणि ओवी गेली.' गेली खरी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मराठीवर मोठेच ऋण आहे. पण त्या ओव्या वाचणाऱ्याला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. दळणारणीने जात्याचे गोडवे गायिलेले नाहीत. तिने जात्यापाशी आपले दुःख सांगितले आहे, आणि जात्यापाशी सांगितले, कारण पहाटे ऐकायला दुसरे कोणी जागे नव्हते. चक्की आली तेव्हा एकही बाई रडल्याचे माझ्या आजीने मला सांगितले नाही. रडले ते ज्यांनी जात्याचा खुंटा कधी धरला नाही ते. ओवी गेली म्हणून जाते परत आणा म्हणणे आणि फराळ विकतचा झाला म्हणून बायकांना नावे ठेवणे, ही एकाच घराण्याची दोन अपत्ये आहेत.

रविवारच्या सुट्टीचा इतिहास आपण फारसा आठवीत नाही. ती सूर्याबरोबर उगवते अशी आपली समजूत. मुंबईच्या गिरण्यांत मजूर आठवड्याचे सातही दिवस राबत होते. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली त्यांना एकत्र केले. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. रविवारी पुरती सुट्टी हवी ही त्यातली एक मागणी. ती मान्य व्हायला सहा वर्षे लागली. १० जून १८९० पासून गिरणीला रविवार मिळाला. तोवर मालकांचे म्हणणे काय होते? सवय आहे त्यांना, तक्रार नाही त्यांची, गिरणी थांबली तर चालेल कसे? हेच तीन मुद्दे घराच्या बाबतीत मी या आठवड्यात दोन वेळा ऐकले आहेत. त्या पहिल्या रविवारी कामगार घरी राहिला हे मी आदराने आठवते, आणि लागलीच मनात येते की, त्या दिवशी त्याला जेवायला वाढले कोणी? गिरणीचा भोंगा गप्प बसला. चूल बसली नसणार. चुलीपुढच्या बाईच्या सह्यांचा अर्ज कोणत्या सरकारकडे गेल्याचे मला ठाऊक नाही.

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. अर्थशास्त्रातले मला कळत नाही, पण बेरीज-वजाबाकी मी मुलांना शिकवते. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ साली साऱ्या देशात लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता आणि पुरुषांचा ९७. ही तुलनाही पुरुषांवर मेहेरबानी करणारी आहे, कारण असे काम मुळात करणारे पुरुष शंभरात सव्वीस आणि बायका शंभरात एक्क्याऐंशी. जे करीतच नाहीत त्यांना सरासरीत धरलेले नाही. पुढे २०२४ साली तीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटे झाली २८९, पुरुषांची ८८. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे सुटली हे पाहून आनंद करावा, तोच पुरुषाने आपली नऊ सोडवून घेतली! मिक्सर, कुकर, धुलाईचे यंत्र, फोन हे सारे घरात आले, त्याचा नफा वाटताना मात्र आपण असे समसमान वाटेकरी झालो.

मी हे बोलले की, माझ्यापुढे एक गृहस्थ उभे केले जातात. हे गृहस्थ केक करतात. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे बरेच पुरुष बेकर झाले. बाजारातले यीस्ट आणि बेकिंग पावडर संपेपर्यंत झाले. त्यांतले काही अजून टिकून आहेत, आणि मला त्याचा आनंदच आहे. कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाला मीठ घालून, त्यात केकचे भांडे ठेवून ते उत्तम केक करतात. आमच्या ओळखीत असे एक आहेत. रविवारी सकाळी ते 'आज स्वयंपाकघर माझं' असे जाहीर करतात. मग आतून आवाज येतो, 'अगं, मैदा कुठंय?' वहिनी उठतात. 'चाळणी कुठली घेऊ?' वहिनी पुन्हा उठतात. 'व्हॅनिला संपलं वाटतं.' वहिनी चपला घालतात. केक सुंदर होतो, त्याचा फोटो नातेवाइकांच्या फोनांवर जातो, आणि चाळीस जण अंगठे पाठवतात. ओट्यावर अकरा भांडी पडलेली असतात. ती फोटोत येत नाहीत. दुपारी आम्ही गेलो की, वहिनी कौतुकानेच सांगतात, 'हे मला फार मदत करतात हो.'

मदत! हा शब्द मी माझ्या पुरता शब्दकोशातून काढून टाकला आहे. मदत परक्याच्या कामात करतात. शेजाऱ्याच्या घरी लग्न निघाले तर आपण मदत करतो, वर्गणी काढून पूरग्रस्तांना मदत करतो. जे खातो, ज्या घरात राहतो, त्या घरचे काम केले तर ती मदत कशी? आणि 'यादी दे, मी आणतो' म्हणणारा नवरा हा मदतनिसांतला अतिशय सज्जन प्रकार होय, पण त्याने पाय दिले, डोके दिले नाही. कामाचे ओझे पिशवीत असते तितकेच यादीत असते. यादी करणारी बाई सुट्टीच्या दिवशी पुस्तक उघडते आणि तिसऱ्या ओळीला तिला पिठीसाखर आठवते. मी कादंबऱ्या लिहिते, म्हणून हे नक्की सांगू शकते. कादंबरी लिहिणाऱ्या पुरुषाला मुलाखतीत विचारतात, आपल्याला स्फूर्ती कोठून मिळते? मला विचारतात, घर सांभाळून कसं जमतं? प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, हे आणखी वाईट.

कोणाला वाटेल, एवढा राग कशासाठी? दोन दिवसांची तर गोष्ट. माझा राग माझ्या दोन दिवसांपुरता असता तर मी तो भट्टीवरच्या मैत्रिणींपाशी काढला असता, अंकाची पाने अडवली नसती. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी चौथीच्या वर्गाला निबंध दिला होता, 'माझा रविवार'. मुलांनी लिहिले होते की, ते खेळले, पोहायला गेले, किल्ल्यासाठी माती आणली, मामाकडे गेले. मुलींनीही खेळ लिहिला होता, नाही असे नाही. पण जवळजवळ प्रत्येकीच्या निबंधात, खेळाच्या आधी, एक वाक्य होते: आईला कामात मदत केली. काहींनी तपशील दिला होता. डबे पुसले, भावाचा गणवेश भिजवला, दळण आणले, धाकट्याला सांभाळले. नऊ वर्षांच्या मुलीच्या अक्षरात 'दळण' हा शब्द फार नीटनेटका काढलेला होता. मी कोणाला तसे लिहायला सांगितले नव्हते. निबंधाचे जे साचे आम्ही बाई लोक फळ्यावर देतो, त्यातही ते नव्हते.

एका मुलाने मात्र वेगळे लिहिले. तो बाबांबरोबर बिस्किटे भाजायला भट्टीवर गेला, त्याने गोळे चेपले, चारोळ्या लावल्या, बाबांनी डबे उचलले. चांगला निबंध होता, वर्गातला सर्वांत चांगला. म्हणून मी तो वाचून दाखवला. वर्ग हसला. मुलगे हसले आणि मुलीही हसल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी त्याला बायकी नाव ठेवले. तो लाल झाला आणि वही मिटून बसला. ही मुले कुठल्या सभेला जात नाहीत, अग्रलेख वाचत नाहीत. हसायचे कशाला हे त्यांना घरी, जेवताना, फराळाची बशी हातात असताना कळले आहे. सुट्टी कोणाची असते हे त्यांना पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. तेव्हा 'दोन दिवसांची गोष्ट' असे मला कोणी सांगू नये. त्या वर्गातल्या मुली आणखी पंचवीस वर्षांनी माझ्या वयाकडे झुकतील. त्यांच्या रविवारांचा हिशेब मी फळ्यावर करून पाहिला आणि पुसून टाकला.

मग विकत घ्यावे हे उत्तर आहे काय? ज्या बाईला करायचे नाही तिने खुशाल घ्यावे आणि कोणाला उत्तर देऊ नये. पण विकतचा फराळ आकाशातून पडत नाही. तोही कोणाच्या तरी घरात होतो, बहुधा बाईच करते, आणि ती बहुधा याच शनिवार-रविवारी रात्री जागते. तिच्या पिशवीवर 'घरगुती' असे छापलेले असते. इथे मात्र त्या शब्दाला कर्ता आहे आणि कर्त्याला मोल आहे, म्हणून मला तो आवडतो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले. घरात जे काम फुकट आणि म्हणून न दिसणारे होते, त्याला या बायकांनी भाव लावून दाखवला. पापड तोच, लाटणे तेच, हात तेच. फरक एवढाच की, महिनाअखेर तिच्या हातावर पैसे पडले आणि घरातल्यांनी प्रथमच विचारले, किती पापड लाटलेस?

आणि तिथेही आपण काय करतो? बचत गटाच्या टेबलापाशी उभे राहून 'चकली महाग लावलीत हो, घरी तर एवढा खर्च येत नाही' म्हणतो. घरी येत नाही, कारण घरी आपण फक्त डाळ, तांदूळ आणि तेल मोजतो. रात्रीचे दोन वाजले ते मोजत नाही. जो माणूस मिठाईच्या दुकानात काचेवरचा भाव पाहून मुकाट पाकीट काढतो, तोच या बाईशी पाच रुपयांवरून हुज्जत घालतो. कारण मनातून त्याला वाटत असते, ही घरचीच बाई, हिचे काम फुकट. मी तर म्हणते, विकतच्या फराळाला नावे ठेवणाराने आधी तो पुऱ्या भावाने घ्यावा. मग चवीबद्दल बोलावे. चवीवरून बोलायला माझी ना नाही. कित्येकींच्या शंकरपाळ्यात सोडा खरोखरच जास्त असतो.

घरी करायचे असेल तर करा, जरूर करा. पण मग ज्याला घरचे हवे त्याने घरचे करावे. सगळेच जण सगळे करतील असे माझे म्हणणे नाही. एकेकाने एकेक पदार्थ डोक्यासकट उचलावा. चकली हवी तर भाजणीपासून सोऱ्या धुऊन जागेवर ठेवण्यापर्यंत चकली त्याची. जायफळ संपले तर त्याला आठवावे, नाही आठवले तर जायफळावाचून खावे. बायकांनाही एक सांगणे आहे आणि ते कडू आहे. असे काम कोणी उचलले तर मागे उभे राहून 'अहो, तसं नाही, द्या इकडे' म्हणायची आपली जी हौस आहे, ती एका दिवाळीपुरती तरी माळ्यावर ठेवावी. चकली वाकडी झाल्याने लक्ष्मी परत जात नाही.

यंदा आमच्या घरी मी जेवताना जाहीर केले की, नानकटाई यांनी आणि तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी करायची. हे म्हणाले, "करू की. तू फक्त यादी दे."

"यादीच द्यायची नाही," मी म्हटले.

सासूबाईंनी ताटातली मान वर केली नाही. चिरंजीवांनी फोनवर कृती शोधली, यांनी आपल्या कचेरीच्या अक्षरात कागदावर मुद्दे काढले, आणि गेल्या रविवारी दोघे पिशव्या घेऊन भट्टीवर गेले. डबे न्यायचे राहिले म्हणून तिथूनच पुठ्ठ्याची खोकी मागून आणली. वेलची सालासकट कुटली होती. मैदा जरा जास्तच मळला गेला असावा. सासूबाईंनी एक तुकडा मोडून तोंडात घातला, बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "छान झाल्यात हो!" माझ्या नानकटाईला त्यांनी एकोणीस वर्षांत 'बऱ्या आहेत'पलीकडे काही म्हटल्याचे मला आठवत नाही, पण तो लेख वेगळा.

ते दोघे साडेतीन तास बाहेर होते. तेवढ्यात माझ्या अडलेल्या प्रकरणाची नऊ पाने झाली. परात, चाळणी आणि तुपाचे पातेले संध्याकाळपर्यंत मोरीत पडून होते. मी तिकडे पाहिले नाही. रात्री केव्हातरी भांडी वाजल्याचे ऐकू आले. कोणी घासली हे विचारायला मी उठले नाही.